रडारवर न दिसणारा दिवा

आकाशात अनोळखी प्रकाश दिसला की काही जण म्हणतात, "रडारवर काहीच नाही, म्हणजे परक्या देशाचं गुप्त तंत्रज्ञान." हा तर्क मला उलटा वाटतो. लडाखचंच घ्या. २०१२ च्या ऑगस्टपासून २०१३ च्या फेब्रुवारीपर्यंत पँगाँग सरोवराजवळ थाकुंगच्या बाजूला जवानांनी असे प्रकाश ३२९ वेळा नोंदवले. त्यातल्या १५५ नोंदी तर चक्क घुसखोरी म्हणून! रडार गप्प, सगळ्यांना वाटलं चिनी ड्रोन. शेवटी भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या लोकांना विचारलं. उत्तर काय, तर संध्याकाळचा गुरू आणि पहाटेचा शुक्र. रडारला ते कुठून सापडणार?

जवानांना हसू नका हं. तिथली हवा इतकी विरळ की ग्रह नेहमीपेक्षा ठळक दिसतात. त्यात समोर सीमा, मनात धाकधूक. मी तर एकदा पहाटे एसटीतून घाट उतरताना शुक्राला समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा समजलो होतो. "हा पुढे का येत नाही?" असं शेजारच्या काकांना विचारलंही.

सैन्याची चिकाटी मात्र मानली. रोजच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या, म्हणून तर ग्रहांच्या गतीशी ताळा जमला.