दूध-लोणी न घालता घरचा सँडविच ब्रेड, आणि विकतचा घेताना काय बघायचं?

रानजाई:

ओटीजीमध्ये व्हीगन, म्हणजे प्राणिजन्य काहीच नसलेला, सँडविच ब्रेड करायचा आहे. मूळ कृती दूध-लोण्याची आहे, ती अशी बदलली: चक्कीचं गव्हाचं पीठ ४०० ग्रॅम, २२० मिली दुधाऐवजी घरी काढलेलं बदामाचं दूध, ४० ग्रॅम लोण्याऐवजी ४० ग्रॅम खोबरेल, साखर २ चमचे, मीठ १ चमचा, इन्स्टंट यीस्ट १ मोठा चमचा. १० मिनिटं मळून दीड तास ठेवायचं, साच्यात घालून पुन्हा तासभर, मग १८० अंशांवर ३० मिनिटं भाजायचं.

अडचणी: साच्यात छान फुगतो पण ओव्हनमध्ये गेल्यावर मध्ये खचतो. वरची साल पांढुरकी राहते. काप पाडताना चुरा होतो, आणि फ्रिजमध्ये ठेवला की दुसऱ्या दिवशी कोरडा ठणठणीत. पूर्ण मैद्याचा नको आहे, थोडा मैदा चालेल.

दुसरा प्रश्न विकतच्या ब्रेडबद्दल. पाकिटावर हिरवा ठिपका असणं पुरेसं आहे का? आणि बेकरीतल्या सुट्या पावाला तर लेबलच नसतं, तिथे नेमकं काय विचारायचं?

भट्टीकर:

दूध गेल्यामुळे हे झालेलं नाही. पाणी कमी आणि यीस्ट जास्त, ही दोन मुख्य कारणं आहेत.

चक्कीच्या पिठात कोंडा असतो आणि जात्याच्या दाबाने स्टार्चचे कणही फुटलेले असतात, म्हणून ते मैद्यापेक्षा खूप जास्त पाणी पितं. ४०० ग्रॅमला २२० मिली म्हणजे वजनाच्या ५५ टक्के. ही पोळ्यांच्या कणकेच्याही खालची पातळी झाली. अशा घट्ट कणकेत ग्लुटेनची, म्हणजे पिठातल्या चिवट प्रथिनांची, जाळी ताणली जात नाही, म्हणून चुरा. इन्स्टंट यीस्टचा मोठा चमचा साधारण ९ ते १० ग्रॅम भरतो, म्हणजे हवं त्याच्या दुपटीहून जास्त. शिवाय आपल्याकडच्या उन्हाळ्यात दीड तास अधिक एक तास दिला, तर पीठ ओव्हनमध्ये जाण्याआधीच दमलेलं असतं. आत गेल्यावर वायू आणखी फुगतो, भिंती फाटतात आणि मधला भाग बसतो.

पांढऱ्या सालीचा संबंध मात्र दुधाशी आहे. दुधातली लॅक्टोज साखर बेकरीच्या यीस्टला खाता येत नाही, ती शेवटपर्यंत शिल्लक राहते आणि दुधाच्या प्रथिनांबरोबर सालीला रंग देते. घरचं बदामाचं दूध बहुतेक पाणीच असतं, प्रथिनं नावापुरती. रंग हवा असेल तर बिनसाखरेचं सोया दूध घ्या, वनस्पतीजन्य दुधांत यासाठी तेच सर्वांत कामाचं.

लोण्याच्या जागी तेल घेताना वजन जसंच्या तसं घेऊ नका. लोण्यात स्निग्धांश ८० टक्क्यांच्या आसपास असतो, उरलेल्यात बहुतेक पाणी. म्हणजे ४० ग्रॅम लोण्याला ३२ ग्रॅम तेल. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, त्यामुळे थंडीत आणि फ्रिजमध्ये ब्रेड जास्त कडक लागतो. शेंगदाणा किंवा सूर्यफूल रिफाइंड तेल बरं.

आता मऊपणा. तो दुधापेक्षा पाण्यातून येतो, फक्त ते पाणी ब्रेडने धरून ठेवायला हवं. त्यासाठी पिठाची खळ शिजवून कणकेत घालतात. पूर्व आशियातल्या मऊ पावांना ही पद्धत वापरतात, तिला तांगझोंग म्हणतात. ६५ अंशांच्या आसपास स्टार्च फुलतो आणि स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो. हे पाणी भाजतानाही सहज सुटत नाही, म्हणून ब्रेड दोन-तीन दिवस मऊ राहतो.

९ × ४ × ४ इंचाच्या साच्यासाठी:

खळ: मैदा २० ग्रॅम, पाणी १०० ग्रॅम
कणीक: मैदा २३० ग्रॅम, चक्कीचं पीठ १५० ग्रॅम, पाणी १८० ग्रॅम (सोया दूध घेतलं तर १९०), इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम, बारीक चिरलेला गूळ किंवा साखर १६ ग्रॅम, मीठ ७ ग्रॅम, तेल २५ ग्रॅम, व्हिनेगर १ चहाचा चमचा

खळीचा मैदा गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मंद आचेवर सतत ढवळा. ढवळताना चमच्यामागे तळ दिसू लागला की उतरवा. उकळू देऊ नका, पाणी उडून हिशोब बिघडतो. पूर्ण गार होऊ द्या, गरम खळ यीस्टला मारते.

पाण्यातलं १५ ग्रॅम बाजूला काढून त्यात यीस्ट विरघळवा. दोन्ही पिठं, खळ आणि उरलेलं पाणी नुसतं एकत्र करा, मळू नका, आणि अर्धा तास झाका. हा टप्पा गाळू नका. एवढ्यात कोंडा भिजून मऊ होतो, नाहीतर तोच मळताना ग्लुटेनचे धागे कापतो. मग यीस्ट, गूळ, व्हिनेगर, मीठ घालून ५ मिनिटं मळा, आणि त्यानंतर तेल थोडंथोडं घालत आणखी ८ ते १० मिनिटं. तेल आधीच घातलं तर पिठाला पाणी नीट लागत नाही आणि मळायला जास्त वेळ जातो. सुरुवातीला हाताला चिकटेल. वरून पीठ भुरभुरू नका, हात पाण्याने ओला करा. तयार कणकेचा तुकडा बोटांवर ताणला तर पलीकडचा उजेड दिसण्याइतका पडदा व्हावा आणि लगेच फाटू नये.

पहिली फुगवण घड्याळावर नाही, आकारावर ठरवा: दुप्पट झाली की पुरे. २७ अंशांच्या खोलीत तासाभराच्या आसपास, मे महिन्यात ३५ अंशांना ४० मिनिटंही लागत नाहीत, नाशिकच्या थंडीत दोन तास. उन्हाळ्यात फ्रिजचं गार पाणी घ्या आणि यीस्ट ३ ग्रॅम करा.

हवा दाबून काढा, आयत लाटा, घट्ट गुंडाळी करून सांध खाली येईल अशी साच्यात ठेवा. दुसरी फुगवण कणीक साच्याच्या काठाच्या बोटभर खाली येईपर्यंतच. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा सावकाश आणि अर्धवट भरून यावा. लगेच उसळून भरला तर अजून वेळ द्या. भरलाच नाही तर जास्त झालं आहे: काढा, दाबा, पुन्हा वळून थोडाच वेळ ठेवा. तशीच भाजली तर खचेल.

१९० अंश, ३५ मिनिटं. आतलं तापमान ९३ ते ९५ अंश आलं की झाला. १८० वर ३० मिनिटांत एवढ्या वजनाची लादी मध्ये कच्ची राहण्याची शक्यता खूप, आणि खचण्यात तेही भर घालतं.

साच्यातून लगेच काढून जाळीवर ठेवा आणि दोन तास सुरी लावू नका. गरम असताना आतला स्टार्च अजून बसलेला नसतो, तेव्हा कापलेला ब्रेड गिच्च होतो आणि तो कच्चा राहिला असं वाटतं.

सोनचाफा:

ओटीजीपुरतं थोडं. छोट्या ओटीजीत वरचा रॉड ब्रेडच्या फार जवळ येतो. साचा सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवा, दोन्ही रॉड चालू, पंखा असेल तर बंद. निदान १५ मिनिटं तापवून मगच आत घाला, आणि २० मिनिटांनी वरून फॉइल सैल झाका. डायलवरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत २०-२५ अंशांचा फरक सहज असतो, म्हणून आत ठेवायचा साधा थर्मामीटर घ्याच.

चकाकीसाठी अंडं किंवा लोणी लागत नाही. सोया दूध २ चमचे, तेल अर्धा चमचा, साखर पाव चमचा एकत्र करून भाजण्याआधी ब्रशने लावा. तीळ किंवा जवस चिकटवायचे असतील तर काबुली चणे उकडलेलं दाट पाणी लावा, पकड छान येते.

म्हापशेकर:

विकतच्या पाकिटावर हिरवा ठिपका पुरेसा नाही. तो शाकाहारी असल्याची खूण आहे, आणि आपल्या नियमांत दूध, दुधाचे पदार्थ आणि मध शाकाहारीतच येतात. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये वेगळे नियम केले. त्यांची खूण म्हणजे हिरवं इंग्रजी ‘व्ही’ अक्षर आणि त्यावर पान. पण ती नाही म्हणून ब्रेडमध्ये दूध आहेच असं समजू नका, कित्येक साध्या ब्रेडवर ती छापलेलीच नसते.

आधी घटकांच्या यादीखालची ॲलर्जीची ओळ वाचा. तिथे दूध ‘असलेल्यांत’ आहे की ‘असू शकेल’ मध्ये, हा फरक महत्त्वाचा. पहिलं म्हणजे घातलेलं आहे. दुसरं म्हणजे त्याच कारखान्यात दुधाचे पदार्थही होतात. मग यादीत मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर, केसीन, बटर, तूप, मध शोधा.

आकड्यांना घाबरून चांगला ब्रेड परत ठेवू नका. आयएनएस हे ब्रेडमध्ये घातलेल्या मिश्रकांचे क्रमांक. ४८१ मध्ये लॅक्टिलेट हा शब्द आला तरी ते दूध नव्हे, त्यातलं लॅक्टिक आम्ल सहसा साखर आंबवून करतात. २८२ हे बुरशी रोखणारं कॅल्शियम प्रोपिओनेट, ३२२ बहुतेकदा सोया लेसिथिन. ४७१ आणि ४७२ई वनस्पती तेलापासूनही होतात आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही, पण आपल्याकडे हिरवा ठिपका असेल तर चरबीची शक्यता उरत नाही. म्हणजे ठिपका आणि ॲलर्जीची ओळ, दोन्ही एकत्र वाचायची.

सुट्या पावाचं उलट आहे. साध्या लादी पावात मैदा, पाणी, यीस्ट, मीठ, थोडी साखर आणि तेल एवढंच लागतं. कडक ब्रून पावात त्याहून कमी. म्हणून ‘पाव व्हीगन आहे का’ असं विचारू नका, गल्ल्यावरचा माणूस गोंधळून हो म्हणतो. हे तीन प्रश्न विचारा: पिठात दूध पावडर घालता का? वरून काय लावता, तेल, दूध, लोणी की अंडं? आणि मार्गारिन वापरत असाल तर डबा दाखवता का? काही मार्गारिनांत दुधाचे घटक असतात, वनस्पती तुपात नसतात. बर्गरचे बन, मिल्क ब्रेड, फळांचे गोड बन यांत दूध धरूनच चाला. नान आणि कुलच्यात बहुतेक ठिकाणी दही पडतं.

गोव्यात असाल तर पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, कोंड्याची पोई घ्या. पूर्वी हे पाव माडाच्या सुरेने आंबवत, आता यीस्ट असतं, पण दूध-लोण्याची त्यांना गरज पडत नाही. उंडो आणि कांकण हे पावही त्याच पठडीतले. पोई त्याच दिवशी संपवावी.

ऱ्हाइनकाठ:

युरोपात राहणाऱ्यांसाठी भर. इथे हिरवा ठिपका नाही, त्यामुळे ४७१ आणि ४७२ई यांची खात्री कंपनीला विचारूनच होते. ई ९२० म्हणजे सिस्टीन, ते पिसांपासूनही काढतात, तेव्हा यादीत दिसलं तर टाळा. दूध पाकिटावरच्या यादीत ठळक अक्षरांत असतं. सुट्या ब्रेडचीही ॲलर्जीची माहिती द्यावीच लागते, दुकानात ती वही मागा.

ज्यात दूध अपेक्षित नसतं तिथे डुकराची चरबी निघू शकते: इटलीतले काही फोकाचा आणि पियादिना, दक्षिण जर्मनीतले काही ब्रेझेल. फ्रान्समध्ये मात्र ‘त्रादिस्यों’ म्हणून विकलेला बॅगेट निर्धास्त घ्या. १९९३ च्या फर्मानानुसार त्यात पीठ, पाणी, मीठ, यीस्ट किंवा आंबवण आणि अगदी थोडं शेंगांचं वा माल्टचं पीठ एवढंच चालतं.

रानजाई:

फार उपयोगी पडलं, सर्वांचे आभार. दोन उपप्रश्न आहेत. पूर्ण गव्हाच्या पिठाचा करायचा तर काय बदलायचं? आणि कोकणातल्या दमट हवेत ब्रेड ठेवायचा कसा? बुरशी दिसत नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मधला भाग चिकट होऊन गोडसर वास येतो.

भट्टीकर:

वास आधी, कारण तो ब्रेड खायचा नाही. पिकून गेलेल्या फळासारखा वास, मध्ये चिकटपणा आणि तुकडा तोडला की तार सुटणं, ही बॅसिलस जातीच्या जिवाणूंची लक्षणं आहेत. त्यांचे बीजाणू पिठातून येतात, भाजूनही मरत नाहीत, आणि उष्ण दमट हवेत लादी सावकाश गार झाली की वाढतात. आम्लात ते वाढत नाहीत. वरच्या कृतीत व्हिनेगर त्यासाठीच आहे, चवीला कळत नाही. असा ब्रेड निघाला तर टाकून द्या, पाट, भांडी आणि साचा व्हिनेगरने पुसा, आणि पिठाचा डबा रिकामा करून धुऊन उन्हात वाळवा.

ठेवायचा तर पूर्ण गार झाल्यावर दोन दिवसांपुरता डब्यात, बाकीचा काप करून फ्रीझरमध्ये. फ्रिजच्या कप्प्यात नको. ४ अंशांच्या आसपास स्टार्च सर्वांत लवकर घट्ट होतो, म्हणून तुमचा ब्रेड कोरडा पडत होता. फ्रीझरमधला काप थेट टोस्टरमध्ये किंवा तव्यावर घाला.

पूर्ण गव्हाचा: ४०० ग्रॅम चक्कीचं पीठ, खळ त्याच पिठाची, खळीसकट एकूण पाणी ३१० ते ३२० ग्रॅम, भिजवण ४५ मिनिटं, आणि ग्लुटेन पावडर १५ ग्रॅम. पावडर कोरड्या पिठातच मिसळा, पाण्यात टाकली तर रबरी गोळे होतात. पहिली फुगवण दुपटीपर्यंत नेऊ नका, दीडपट झाली की वळा. साच्यातही काठाच्या दोन बोटं खाली असतानाच ओव्हनमध्ये घाला. उंची मैद्याच्या ब्रेडइतकी येणार नाही. कमी उंचीचा पण न खचलेला ब्रेड नीट कापला जातो, म्हणून उंचीसाठी यीस्ट वाढवू नका. जात्यावरचं फार जाड पीठ असेल तर बारीक चाळणीने चाळा, वर राहिलेल्या कोंड्यावर त्याच्या दुप्पट उकळतं पाणी ओता आणि गार झाल्यावर कणकेत परत घाला. ते पाणी एकूण हिशोबातून वजा करायला विसरू नका.