सल्ला हवा: तीन जातींच्या चिपांसाठी एकच डीबगर, थर कुठे पाडावेत?

पंपकर

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमची सहा जणांची टीम आहे. शेतीपंप आणि छताच्या पंख्यांसाठी बीएलडीसी (ब्रश नसलेल्या) मोटरचे कंट्रोलर बनवतो. बहुतेक बोर्ड एसटीएम३२ चिपवर, म्हणजे आतला कोअर (प्रोसेसर) आर्मचा कॉर्टेक्स-एम४. जुन्या ग्राहकांकडे दुसऱ्या कंपनीच्या कॉर्टेक्स-एम० चिपचे बोर्ड आहेत, तेही सांभाळावे लागतात. आणि यंदाच्या बोर्डावर रिस्क-व्ही, म्हणजे निराळ्याच जातीचा प्रोसेसर, येतेय.

आज परिस्थिती अशी की प्रत्येक चिपला तिच्या कंपनीचा वेगळा आयडीई (कोड लिहायचं-तपासायचं सॉफ्टवेअर), वेगळा प्रोब (पीसी आणि चिप जोडणारं खोकं), वेगळ्या स्क्रिप्ट. नवीन मुलगा आला की त्याचे पहिले दोन आठवडे यातच जातात. म्हणून डीबगरचा (चालता प्रोग्राम थांबवून आतलं बघायच्या साधनाचा) एकच सांगाडा उभा करायचा आणि चिपप्रमाणे मॉड्यूल जोडायचे असं ठरवलंय. कागदावर मी एक 'डीबगर' क्लास काढलाय आणि त्याखाली प्रत्येक चिपचा एकेक वारस क्लास. टीममधली एक सहकारी म्हणते की तिसऱ्या चिपला हे कोसळेल. कारण तिलाही नीट सांगता येत नाही, पण तिचा अंदाज सहसा चुकत नाही.

थर कसे पाडावेत? सगळं स्वतः लिहावं की तयार काही घ्यावं? फ्रीआरटीओएस या चिपवरच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमचे टास्क दिसायला हवेत. मी डीबगर रोज वापरतो, आतून कधी लिहिलेला नाही, तेव्हा सविस्तर सांगितलंत तर उपकार होतील.

---

सातारी सोल्डर

पंपकर, तुमच्या सहकारी बरोबर सांगतायत. चिप ही एक वस्तू नाही, चार-पाच वस्तूंची जोडणी आहे. वारस क्लास केलात की एम० आणि एम४ मधलं नव्वद टक्के कोड दोनदा लिहाल, आणि रिस्क-व्ही आली की वरच्या क्लासमध्ये 'ही चिप असेल तर हे कर' असे तुकडे घुसायला लागतील.

हार्डवेअरमध्ये जिथे सांधा आहे तिथेच कोडमध्येही सांधा ठेवा. सगळ्यात खाली प्रोब, म्हणजे यूएसबीवरचं खोकं. त्याच्यावर तार: एसडब्ल्यूडी किंवा जेटॅग. तिच्यावर डीबग पोर्ट आणि ऍक्सेस पोर्ट, म्हणजे चिपच्या आत शिरायची दारं. मग कोअर: थांबवणं, चालवणं, रजिस्टर (चिपमधली छोटी साठवणीची जागा) वाचणं, ब्रेकपॉइंट (प्रोग्राम जिथे थांबवायचा ती खूण). मग चिप, म्हणजे फ्लॅश कशी पुसायची आणि मेमरीचा नकाशा. एम० आणि एम४ मध्ये तार तीच, पोर्ट तेच, थांबवायचं रजिस्टरसुद्धा तेच. फरक कुठे? एम४ मध्ये कोडसाठी साधारण ६ हार्डवेअर ब्रेकपॉइंट मिळतात, एम० मध्ये जास्तीत जास्त ४. हा आकडा कोडमध्ये लिहून ठेवू नका, चिपलाच विचारा. रिस्क-व्हीमध्ये तर हार्डवेअर ब्रेकपॉइंटसाठीचे ट्रिगर किती आहेत ते एकेक निवडून मोजूनच घ्यावे लागतात.

'विचारा' हा नियम सगळीकडे लावा. कोअर चालू असताना मेमरी वाचता येते का? कॉर्टेक्स-एममध्ये येते, कारण मेमरीचा ऍक्सेस पोर्ट कोअरला बाजूला ठेवून थेट बसवर जातो. रिस्क-व्हीमध्ये सिस्टिम बस ऍक्सेस ठेवलेला असेल तरच ते सहज जमतं, आणि तो ठेवणं चिप बनवणाऱ्याच्या मर्जीवर आहे. वरच्या थराने हे गृहीत धरलं की तुमचा लाइव्ह व्हेरिएबल पाहायचा पडदा नव्या बोर्डावर कोरा दिसणार.

थर गळका झाला की काय होतं याचं एक उदाहरण देतो. आम्ही लिहिलेल्या साधनात मेमरी डंप घेतला की पहिले १०२४ बाइट बरोबर यायचे आणि पुढे तोच मजकूर पुन्हा सुरू व्हायचा. आठवडाभर आम्ही फर्मवेअरमध्येच (चिपवरच्या प्रोग्राममध्येच) चूक शोधली. दोष आमच्या वाचण्यात होता. ऍक्सेस पोर्टमधलं पत्त्याचं रजिस्टर दर वाचनाला आपोआप पुढे सरकतं खरं, पण खालच्या १० बिटांपुरतीच त्याची हमी आहे. १ केबीची सीमा आली की पत्ता नव्याने लिहावा लागतो. ही गोष्ट त्या एका थराच्या पोटात राहायला हवी होती, आमच्याकडे ती तीन ठिकाणी पसरली होती आणि त्यातल्या एका ठिकाणी राहून गेली.

आणि एक, हे नंतर बदलता येत नाही म्हणून आताच सांगतो. खालच्या थराचा इंटरफेस 'एक शब्द वाच, उत्तर दे' असा ठेवू नका. साधा यूएसबी प्रोब फुल-स्पीडवर चालतो, त्याची फ्रेम १ मिलिसेकंदाची. शब्दागणिक एक फेरी मारली तर ४ केबीला १०२४ फेऱ्या, म्हणजे सेकंदाहून जास्त. प्रत्येक स्टेपला एवढं थांबावं लागलं तर तुमची टीम चार दिवसांत पुन्हा जुन्या आयडीईकडे जाईल. मागण्या रांगेत लावा, एकदम पाठवा, उत्तरं एकदम उचला. सीएमएसआयएस-डॅप या आर्मच्या प्रोब-प्रोटोकॉलमध्ये त्यासाठी ब्लॉक ट्रान्सफरची सोय आहे. दुसऱ्या आवृत्तीचा प्रोब घ्या, तो यूएसबीच्या एचआयडी (कीबोर्ड-माऊसच्या) पद्धतीऐवजी बल्क (घाऊक डेटाच्या) पद्धतीवर चालतो.

---

मुक्तस्रोत

थरांबद्दल सोल्डरदादांशी पूर्ण सहमत. पण पंपकर, हे सगळे थर तुम्ही स्वतः लिहू नका अशी कळकळीची विनंती. ओपनओसीडी हे तयार मुक्त डीबग सॉफ्टवेअर २००५ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये डोमिनिक राथ यांच्या पदविका प्रबंधातून सुरू झालं. तेव्हापासून लोकांना भेटलेल्या चिपांच्या खोडी त्याच्या कॉन्फिग फाइलींत जमा आहेत. सहा जणांच्या टीमने त्या पुन्हा शोधायला बसू नये.

असंच दुसरं साधन पायओसीडी पायथनमध्ये आहे आणि वाचायला सुंदर आहे, पण ते कॉर्टेक्ससाठी, तुमची रिस्क-व्ही तिथे अडेल. तिसरं साधन प्रोब-आरएस दोन्ही जाती घेतं आणि लायब्ररी म्हणून वापरता येतं, मात्र टीमला रस्ट यायला हवी. परवान्याचंही पाहून घ्या: ओपनओसीडी जीपीएलखाली आहे. घरात वापरायला काही अडचण नाही, ग्राहकाला बदललेली आवृत्ती दिलीत तर सोर्सही द्यावा लागेल. बाकी दोघांचे परवाने सैल आहेत.

वरच्या टोकाला जीडीबी (प्रोग्रामरसमोरचा तयार मुक्त डीबगर) ठेवा. ड्वार्फ (कंपायलरने ठेवलेली डीबग माहिती) वाचणं, ऑप्टिमाइझ झालेल्या कोडमध्ये व्हेरिएबल कुठल्या रजिस्टरमध्ये गेलं ते शोधणं हे सगळं त्याच्याकडे तयार आहे. त्याचा रिमोट प्रोटोकॉल इतका साधा आहे की कागदावर लिहून तपासता येतो: डॉलरचं चिन्ह, मग मजकूर, मग हॅश आणि मजकुरातल्या सगळ्या बाइटांची २५६ ने भागून उरलेली बेरीज, दोन हेक्स आकड्यांत. कुठली रजिस्टरं आहेत हे जीडीबीशी बोलणारा तुमचा सर्व्हर (इथे ओपनओसीडी) एका एक्सएमएल फाइलीत सांगतो, त्यामुळे एम४ आणि रिस्क-व्हीसाठी प्रोटोकॉल बदलत नाही.

नावांचा एक घोटाळा आधीच मिटवून ठेवा. आर्मच्या कागदांत डीएपी म्हणजे चिपमधलं डीबग ऍक्सेस पोर्ट, आणि व्हीएस कोडच्या जगात डीएपी म्हणजे एडिटर आणि डीबगर यांच्यातला जेसन प्रोटोकॉल. तुमच्या फोल्डरांना दोन वेगळी नावं द्या, नाहीतर बैठकीत दोघं दोन गोष्टींवर बोलत बसतील.

---

गेटड्रायव्हर

तुम्ही मोटर कंट्रोलर बनवता हे वाचलं आणि लिहायला बसले. वरच्या दोघांच्या यादीत एक थर नाही, आणि तुमच्यासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे: बोर्ड.

आधीच्या नोकरीत मी हॉल सेन्सरच्या (रोटर कुठे आहे ते सांगणाऱ्या सेन्सरच्या) इंटरप्टमध्ये ब्रेकपॉइंट लावला होता. मोटर फिरत होती. कोअर थांबला, टायमर थांबला नाही. शेवटचा ड्यूटी सायकल (पल्स किती वेळ चालू ते प्रमाण) तसाच चालू, कम्युटेशन (वाइंडिंगना पाळीपाळीने वीज देणं) बंद. रोटर थांबला तशी बॅक ईएमएफ (फिरत्या मोटरचा उलटा व्होल्टेज) गेली आणि करंट अडवायला उरला फक्त वाइंडिंगचा रेझिस्टन्स, तोही काही मिलिओहम. टप्प असा आवाज आला, ब्रिजमधले दोन मॉस्फेट (मोटरला वीज देणारे स्विच) फुटले आणि जळक्या इपॉक्सीचा वास संध्याकाळपर्यंत खोलीत होता. मी चेहरा बोर्डापासून लांब ठेवला होता म्हणून बचावले.

डीबगर लिहिणारे थांबवणं ही कोअरची क्रिया समजतात. तुमच्या बोर्डावर ती पॉवर स्टेजची क्रिया आहे. म्हणून बोर्डाचं वेगळं मॉड्यूल करा, आणि ब्रेकपॉइंट लावायची परवानगी त्याच्याकडे ठेवा.

पहिला विचार असा येतो की 'थांबल्यावर पीडब्ल्यूएम (मोटर चालवणारे पल्स) बंद कर' असा हुक पीसीवर लिहावा. तो उपयोगाचा नाही. हार्डवेअर ब्रेकपॉइंटवर कोअर स्वतः थांबतो आणि पीसीला ते काही मिलिसेकंदांनी कळतं. तोवर जे व्हायचं ते झालेलं असतं. काम चिपमध्येच व्हायला हवं. एसटीएम३२ मध्ये कोअर थांबला की टायमर गोठवायचे बिट असतात, इंडिपेंडंट वॉचडॉगसाठीही (प्रोग्राम अडकला तर चिप रिसेट करणाऱ्या टायमरसाठीही) असतो. बोर्ड मॉड्यूलने जोडणी होताच ते लिहावेत, परत वाचून खात्री करावी आणि मगच ब्रेकपॉइंटला हो म्हणावं. वॉचडॉगचा बिट विसरलात तर तुम्ही व्हेरिएबल बघत असताना चिप रिसेट होईल आणि तुम्ही भलतीकडेच बग शोधाल.

टायमर गोठला म्हणजे मॉस्फेटचे गेट बंद झाले असं मात्र नाही. काही चिपांत आउटपुट बंद होतात, काहींत त्या क्षणी होते तसे अडकतात. मॅन्युअल वाचा आणि तेवढ्यावर न थांबता स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) बघा: डीसी बस (ब्रिजचा वीजपुरवठा) १२ व्होल्टवर, करंट लिमिट लावलेल्या सप्लायवरून. ओव्हरकरंटचा कंपॅरेटर टायमरच्या ब्रेक इनपुटला थेट जोडलेला असावा, मधे फर्मवेअर नको.

आणि शक्य तिथे थांबूच नका. रॅममध्ये एक रिंग बफर ठेवा, फर्मवेअर त्यात लिहील, प्रोब मागच्या दाराने वाचेल. एसडब्ल्यूओ या ट्रेसच्या वेगळ्या तारेवरून छापण्याच्या भरवशावर राहू नका, तुमच्या एम० बोर्डात ते युनिटच नाही.

---

पंपकर

ताई, तुमचा प्रतिसाद मी टीममध्ये मोठ्याने वाचून दाखवला. आमच्याकडेही गेल्या वर्षी दोन बोर्ड 'अचानक' गेले होते, आज कारण समजलं.

खालचे थर लिहायचे नाहीत हे पक्कं. रस्ट आमच्यात कुणाला येत नाही, मग ओपनओसीडीला आपलं बोर्ड मॉड्यूल कसं जोडायचं? आणि फ्रीआरटीओएस व चाचण्यांबद्दल कुणी सांगेल का?

---

सातारी सोल्डर

ओपनओसीडी जीडीबीसाठी ३३३३ पोर्ट उघडतं, तसंच टीसीएल या स्क्रिप्ट भाषेसाठी ६६६६. बोर्ड मॉड्यूल पायथनमध्ये लिहा आणि ६६६६ वरून बोला. फक्त एक करा: जीडीबीला ३३३३ वर थेट जाऊ देऊ नका, मधे तुमचा छोटा प्रॉक्सी (मध्यस्थ प्रोग्राम) बसवा. ब्रेकपॉइंटचं पॅकेट आलं की तो आधी बोर्ड मॉड्यूलला विचारेल. जीडीबीत कंट्रोल-सी दाबली की कोअर तसाच थांबतो, तेव्हा तीही त्याच वाटेने न्या. ताई म्हणतात ती परवानगी अशी प्रत्यक्षात येते.

फ्रीआरटीओएसचं मॉड्यूल कोअरपासून वेगळं ठेवा. त्याला दोनच गोष्टी लागतात, सिंबॉलचे पत्ते आणि मेमरी वाचणं. अवघड भाग झोपलेल्या टास्कची रजिस्टरं स्टॅकवरून उचलणं. एम४ मध्ये हार्डवेअर ८ शब्द ठेवतं, पण टास्कने फ्लोटिंग पॉइंट वापरला असेल तर २६. कुठलं ते इंटरप्टमधून परतायला वापरायच्या खास किमतीतला बिट ४ सांगतो. तो न पाहता वाचलंत तर बॅकट्रेस (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं त्याची साखळी) खरा वाटेल असा खोटा येईल. रिस्क-व्हीची मांडणी पूर्ण निराळी, तेव्हा स्टॅकचा नकाशा कोअरप्रमाणे वेगळ्या तक्त्यात ठेवा. आणि टास्क दिसलेच नाहीत तर आधी लिंकरकडे (फर्मवेअरचे तुकडे जोडणाऱ्या साधनाकडे) बघा. ओपनओसीडी शोधतं त्यातलं एक व्हेरिएबल फ्रीआरटीओएसच्या नव्या आवृत्त्यांत नाही. त्यासाठीची छोटी सी फाइल ओपनओसीडीसोबत येते. ती जोडली तरी न वापरलेलं म्हणून लिंकर ते उडवतो, तिथे मुद्दाम धरून ठेवावं लागतं.

चाचण्यांसाठी खऱ्या बोर्डाशी झालेली देवाणघेवाण एकदा नोंदवून ठेवा आणि रोज तीच परत वाजवा. नोंदीत चुका मुद्दाम पेरा: उत्तर उशिरा, मधेच तुटलेली जोडणी, बिट लिहिला पण परत वाचला तर शून्य. उत्तर ओके आलं तर सगळ्यांचाच कोड चालतो, मोडतो तो नेमका अशा वेळी.

---

पंपकर

दहा दिवसांनी परत आलोय. प्रॉक्सी चालतोय, बोर्ड मॉड्यूलचा पहिला भागही. ताईंनी सांगितलं तसं १२ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर लिमिट लावून स्कोप जोडला. एम४ च्या बोर्डावर बिट नसताना पीडब्ल्यूएम चालूच राहिला आणि सप्लाय लिमिटला गेला. बिट लावल्यावर सहाही गेट खाली.

एम० च्या बोर्डावर मात्र टायमर गोठतो आणि वीसपैकी सात वेळा वरच्या बाजूचा एक गेट वरच अडकून राहतो. याचं काय करायचं?

---

गेटड्रायव्हर

सात वेळा म्हणजे पल्स चालू असताना थांबलं. ड्यूटी वाढवलीत की हा आकडाही वाढेल. त्या बोर्डाच्या फाइलीत 'डीसी बस चालू असताना थांबणं बंद' असं लिहा, प्रॉक्सीने ब्रेकपॉइंट नाकारला पाहिजे आणि का नाकारला तेही छापलं पाहिजे. बस व्होल्टेजचं एडीसी वाचन रॅममध्ये असेलच, तोच आकडा मॉड्यूलने बघावा. फर्मवेअर अडकलं तर तो आकडाही शिळा होतो, म्हणून शेजारी एक वाढता काउंटर ठेवा, तो हलत नसेल तर बस चालूच आहे असं धरा.

त्या बोर्डावर गेट ड्रायव्हरची एनेबल पिन कुठे गेलीय, थेट व्हीसीसीला की चिपच्या एखाद्या पिनला? स्कीमॅटिकचा तेवढा भाग टाका, उद्या सकाळी बघते.