धडधाकट माणसंच कामावर उरतात

वर एकांनी लिहिलंय की अंगमेहनतीच्या काही धंद्यांत मृत्युदर एकूण लोकसंख्येपेक्षा कमी दिसतो, म्हणजे ते काम तब्येतीला मानवतं. जरा थांबा. एकूण लोकसंख्येत अंथरुणाला खिळलेलेही मोजले जातात. कामावर मात्र धडधाकटच घेतात. पुढे छाती भरायला लागली की माणूस ते काम सोडून पहारेकरी होतो, दगावतो तेव्हा नोंदही तशीच होते आणि पहारेकऱ्यांचा धंदा फुकट बदनाम! इंग्लंडमध्ये जन्ममृत्यूची सरकारी आकडेवारी पाहणारे डॉक्टर विल्यम ओगल यांनी १८८५ सालीच ही मेख दाखवली होती. अर्थात त्यांच्याच धंदेवार मृत्यूच्या तक्त्यात सर्व पुरुषांच्या मृत्यूचा आकडा १००० धरला तर पाद्री ५५६ आणि दारूचे गुत्ते चालवणारे १५२१. एवढी दरी नुसत्या निवडीने पडत नाही, हेही खरं.

दुसरी गोम मृत्युदराच्या भागाकारात आहे: त्या धंद्यातले मृत्यू भागिले त्या धंद्यातली माणसं. छेद जनगणनेतला, तिथे माणूस जिवंतपणी ‘मजूर’ असतो. अंश मृत्यूच्या दाखल्यातला, तिथे घरचे सांगतात ‘मुकादम होते’. झालं, मेल्यावर बढती! मुकादमांचा दर फुगतो, मजुरांचा उतरतो.

म्हणून मला लंडनच्या सरकारी नोकरांचा १९६७ मध्ये सुरू झालेला व्हाइटहॉल अभ्यास जास्त भरवशाचा वाटतो. तिथे माणसं आधी नोंदवून मग वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवला. ना खाण, ना भट्टी, तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचा मृत्युदर सर्वांत वरच्यांच्या सुमारे तिप्पट. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही बराचसा फरक उरलाच.