एफवायला वर्ग भरतो, एसवायला बाकं रिकामी: गळती मोजायची कशी?

कृष्णाकाठ:
तालुक्याच्या ठिकाणचं कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालय आहे. बीएस्सी प्रथम वर्षाच्या (एफवाय) जागा भरतात, पण द्वितीय वर्षाला (एसवाय) संख्या कोसळते. मग शिक्षकांचा वर्कलोड (तासिकांचा भार) घटतो आणि तुकडी टिकवण्याची चिंता सुरू होते. उपाय म्हणून दरवर्षी बारावीच्या वर्गांना भेटी आणि जाहिराती वाढवल्या जातात. माझ्या मते हा खर्च चुकीच्या टोकाला होतो आहे, कारण प्रवेश मिळतच आहेत, टिकत नाहीत. कोण, कधी, कशामुळे गेलं हे कळायला कुठली माहिती कुठल्या तारखेला काढावी? वेगळं सॉफ्टवेअर नाही, एक्सेल आहे. मेंटॉर-मेंटी यादी (कुठल्या शिक्षकाकडे मार्गदर्शनासाठी कुठली मुलं) होते, पण बैठका नियमित होत नाहीत.

रोजकीर्द:
आधी मोजणी दुरुस्त करा. यंदाच्या एसवायच्या पटाला गेल्या वर्षीच्या एफवायच्या पटाने भागून काढलेली टक्केवारी फसवते. एसवायच्या पटात मागे राहिलेली जुनी मुलंही असतात आणि दुसऱ्या कॉलेजातून आलेलीही. गेल्या वर्षीच्या एफवायची पीआरएननिहाय (विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकानुसार) यादी घ्या आणि प्रत्येक नावापुढे चारपैकी एकच खूण करा: एसवायला आला, एफवायलाच राहिला, दाखला नेला, काहीच न कळवता थांबला. चौथी खूण असलेली मुलं आजवर कुठल्याच अहवालात दिसली नसतील. खरं काम तिथे आहे.

दुसरं, यादी दोनदा गोठवा: ३१ जुलैला आणि ३१ ऑक्टोबरला. बीएस्सीला प्रवेश घेतलेली बरीच मुलं इंजिनीअरिंग, फार्मसी, नर्सिंग किंवा नीटच्या फेऱ्यांची वाट पाहत असतात. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १००० रुपये कापून परत, असं धोरण ठेवलं होतं. म्हणजे ऑक्टोबरआधीचा पट पक्का धरताच येत नाही.

समजा जुलैअखेर १२० प्रवेश, ऑक्टोबरअखेर ९६, दुसऱ्या सत्राच्या परीक्षेला ८४ आणि एसवायला ६६. एकूण घट ५४ दिसते, पण त्यातली २४ मुलं सीईटीच्या (व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षेच्या) फेऱ्यांनी नेली. तिथे समुपदेशनाचा उपयोग नाही. प्रतीक्षा यादीतल्या मुलांना ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फोन करून जागा भरणं एवढंच हाती असतं. आणि उशिरा आलेल्यांसाठी पहिल्या महिन्याचे तास आणि प्रॅक्टिकल पुन्हा घ्यावे लागतात, नाहीतर हीच मुलं पुढे गळतात. तुमची स्वतःची गळती ९६ मधली ३०: परीक्षेआधी १२, परीक्षेनंतर १८. ही दोन दुखणी वेगळी आहेत.

शिष्यवृत्ती-खिडकी:
परीक्षेआधी थांबणाऱ्यांत पैसा आणि कागद ही मोठी कारणं असतात. महाडीबीटीचा (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा) अर्ज 'भरला' म्हणजे काम झालं असं धरू नका. तीन ठिकाणी तो अडतो.

पहिलं म्हणजे बँक खातं. खात्याला केवायसीसाठी आधार जोडलेलं असणं वेगळं आणि एनपीसीआयकडे (राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाकडे) डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी रक्कम थेट खात्यात येण्यासाठी, त्याचं मॅपिंग असणं वेगळं. मुलाने मधेच नवं पेमेंट बँक खातं उघडलं की मॅपिंग तिकडे सरकतं. रक्कम त्या खात्यात जाते आणि मूल जुनं पासबुक तपासत बसतं. दुसरं, उत्पन्नाचा दाखला किंवा जात पडताळणीतली त्रुटी. अर्ज परत आलेला असतो, पण निरोप बंद पडलेल्या मोबाइल नंबरवर गेलेला असतो. तिसरं, अर्ज कॉलेजच्याच लॉगिनला पडून राहतो. दर सोमवारी प्रलंबित अर्जांची यादी काढून नोटीस बोर्डावर नुसते अर्ज क्रमांक लावा.

विद्यापीठाची इलिजिबिलिटीही (प्रवेशाच्या पात्रतेची मान्यता) याच यादीत घ्या. मायग्रेशन किंवा दाखल्याअभावी ती अडली की निकाल राखीव राहतो, आणि मुलाला वाटतं आपण नापास झालो.

थोड्या रकमेसाठी अख्खं वर्ष जातं. अमेरिकेत अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०११ पासून यावर सरळ उपाय केला. फी थकल्यामुळे नाव कमी होणार असलेल्या, पण अभ्यासात ठीक असलेल्या विद्यार्थ्यांची यादी विद्यापीठच काढतं आणि तेवढी तूट भरतं. विद्यार्थ्याने अर्ज करायची गरज नाही. यातली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण गरजू मूल मदतीचा अर्ज करायला लाजतं. माजी विद्यार्थी संघाच्या निधीतून हे लहान प्रमाणात करता येईल.

कृष्णाकाठ:
चौथ्या खुणेचा विचारच केला नव्हता. आता प्रश्न असा, की धोक्यातली मुलं आधी ओळखायला बारावीचे गुण वापरावेत का?

सहा_आठवडे:
बारावीचे गुण एकटे वापरू नका. मूल कॉलेजात आल्यावर काय करतं हे जास्त सांगून जातं. जॉर्जिया स्टेटच्या विश्लेषणात राज्यशास्त्राच्या पहिल्याच विषयात ए किंवा बी मिळवलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के मुलं वेळेत पदवीधर होत होती आणि सी मिळालेल्यांपैकी सुमारे २५ टक्के. सी म्हणजे पास, म्हणून तोवर त्याकडे कुणी लक्ष देत नव्हतं. आपल्याकडे एटीकेटीची (काही विषय राहूनही पुढच्या वर्गात गेलेल्यांची) यादी येईपर्यंत थांबणं म्हणजे तीच चूक.

सहाव्या आठवड्याअखेर तीनच रकाने भरा: सलग दोन आठवडे गैरहजेरी, पहिल्या अंतर्गत चाचणीत गणित किंवा भौतिकशास्त्रात ४० टक्क्यांखाली, पहिल्या दोन प्रॅक्टिकलचं जर्नल तपासून न घेणं. दोन रकाने लागले की ४८ तासांत मेंटॉरचा फोन. एका मेंटॉरकडे २०-२५ पेक्षा जास्त मुलं दिलीत तर हे बंद पडतं. '७५ टक्के हजेरी हवी, पालकांना आणा' असा फोन केला तर मूल कायमचं जातं. 'एसटी किती वाजता मिळते?' इथून सुरुवात करा. एसटीच्या विद्यार्थी पासवर ६६.६६ टक्के सवलत असते, त्यामुळे अडचण बहुधा भाड्याची नसते. पहिली गाडी सकाळच्या प्रॅक्टिकलनंतर पोहोचते, ही असते. मग बॅच बदलून द्या.

दक्षिणायन:
एक कळकळीची विनंती. ही यादी प्रवेश नाकारायला किंवा मुलांना दाखला घ्यायला लावून टक्केवारी सुधारायला कधीही वापरू देऊ नका. मेरिलँडच्या माउंट सेंट मेरीज विद्यापीठात नवागतांची प्रश्नावली वापरून, पट मोजण्याच्या तारखेआधी वीसेक विद्यार्थ्यांना बाहेर काढण्याचा बेत होता. २०१६ च्या सुरुवातीला तो उघड झाला आणि अध्यक्षांना पद सोडावं लागलं. तुमची यादी मेंटॉर आणि विभागप्रमुखांपुरतीच ठेवा, वर्गात वाचून दाखवू नका.

आणि गेलेल्यांना विसरू नका. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या श्रेयांक (क्रेडिट) आराखड्यानुसार पहिल्या वर्षानंतर थांबणाऱ्याला किमान ४० श्रेयांकांशिवाय ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रमही उन्हाळ्यात पूर्ण केला तरच प्रमाणपत्र मिळतं. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची असते. चौथ्या खुणेच्या मुलांना हे बहुतेक कुणी सांगितलेलंच नसतं. मे महिन्यात त्यांची यादी काढा, श्रेयांक बँकेत (मिळवलेले श्रेयांक साठवणाऱ्या ऑनलाइन नोंदीत) त्यांचे श्रेयांक जमा आहेत का ते तपासा आणि जूनमध्ये प्रवेश सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला एक फोन करा.