जॅग्वार जाहिरातीमुळे बुडाली म्हणणाऱ्यांसाठी

चाकोरीबाहेर:
पुन्हा तीच पोस्ट फिरायला लागली आहे. 'जॅग्वारने गुलाबी जाहिरात केली, एप्रिल २०२५ मध्ये अख्ख्या युरोपात ४९ गाड्या विकल्या, विक्री ९७.५ टक्क्यांनी पडली, भोगा आता कर्माची फळं.' एरवी समंजस वाटणारी माणसंही ती पुढे ढकलताहेत, म्हणून हे लांबण लावतोय.

आकडा खरा आहे. एप्रिल २०२४ मध्ये १९६१, एप्रिल २०२५ मध्ये ४९. पण शोरूममध्ये गाड्याच नसतील तर विकणार काय? एक्सई, एक्सएफ आणि एफ-टाइप, तिन्हींचं उत्पादन २०२४ च्या मध्यालाच थांबलं. ब्रिटनमध्ये तर नव्या गाड्यांची विक्रीच नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद केली, म्हणजे जाहिरात आली त्याच महिन्यात. हे काही कुणाला रात्रीत सुचलेलं नाही. तेव्हाचे सीईओ तिएरी बोलोरे यांनी फेब्रुवारी २०२१ मध्येच जाहीर सांगितलं होतं की २०२५ पासून जॅग्वार फक्त इलेक्ट्रिक. त्याच वेळी तयार होत आलेली इलेक्ट्रिक एक्सजे सरळ मोडीत काढली. बोंब मारायची तर ती तेव्हा मारायची होती. तेव्हा सगळे गप्प, कारण त्यात गुलाबी काही नव्हतं.

१९ नोव्हेंबरची ती अर्ध्या मिनिटाची फिल्म मलाही आवडलेली नाही. भडक कपड्यांतली माणसं लिफ्टमधून बाहेर येतात, कुणाच्या हातात हातोडा, कुणाच्या हातात रंगाचा ब्रश, आणि गाडी एकही नाही. मस्कने विचारलं, 'तुम्ही गाड्या विकता का?' कंपनीने उत्तरादाखल त्याला मायामीला चहाला बोलावलं. खरं उत्तर 'सध्या नाही' हे होतं. माझा राग तिथे आहे. नवी गाडी दाखवायच्या आधी जुनं सगळं आवरून टाकलं आणि मधल्या रिकाम्या जागेत एक जाहिरात उभी केली. हा नियोजनाचा घोळ आहे. त्याला संस्कृतीचं युद्ध करू नका.

आणि 'जुने चाहते दुखावले' म्हणता, तर ते चाहते विकत काय घेत होते? २०१८ मध्ये जगभरात साधारण १ लाख ८० हजार जॅग्वार गेल्या. २०२३-२४ या आर्थिक वर्षात ६७ हजारसुद्धा नाहीत. हे सगळं जाहिरातीच्या आधीचं.

जुनाखोंड:
वाचलं पूर्ण. पोस्ट चूक आणि कंपनी त्याहून मूर्ख, एवढं सिद्ध केलंत. अभिनंदन.

१९५१ ते १९५७ या काळात ले मान्सची २४ तासांची शर्यत पाच वेळा जिंकलेली कंपनी, १९६१ मध्ये जिनिव्हात ई-टाइप उभी करून सगळ्यांची बोलती बंद करणारी कंपनी. तिने जाहिरातीतून स्वतःच्याच गिऱ्हाइकाला 'डिलीट ऑर्डिनरी' (सामान्य ते पुसून टाका) सांगायचं? जुन्या ग्राहकांपैकी १०-१५ टक्केच आमच्याबरोबर येतील असा अंदाज कंपनीच देत होती. म्हणजे उरलेल्या ८५ जणांना दार दाखवलं हे कबूल. मग त्यांनी जाता जाता चार शिव्या घातल्या तर तुम्हाला का झोंबतंय?

मिठापासून_विमानापर्यंत:
जॅग्वारचे मालक टाटा. त्यांनी फोर्ड कंपनीच्या बिल फोर्डसमोर मान खाली घातली नव्हती, हे विसरू नका. १९९९ मध्ये डेट्रॉइटला 'तुम्हाला गाड्यांतलं काही कळत नाही तर या धंद्यात पडलात कशाला' असं ऐकून घेतलं आणि २००८ मध्ये त्याच फोर्डकडून जॅग्वार विकत घेतली. टाटांनी केलंय म्हणजे विचार करूनच केलं असणार.

चाकोरीबाहेर:
आलं. याचीच वाट बघत होतो.

अहो, तो किस्सा टाटांच्या एका अधिकाऱ्याने २०१५ मध्ये जाहीर कार्यक्रमात सांगितला, खोटा म्हणत नाही. पण त्यावरून हे रीब्रँडिंग, म्हणजे नवा लोगो आणि नवं रूप, बरोबर कसं ठरतं? हिशेब बघा. फोर्डने १९८९ मध्ये एकट्या जॅग्वारसाठी सुमारे २.५ अब्ज डॉलर मोजले होते. टाटांना २००८ मध्ये जॅग्वार आणि लँड रोव्हर मिळून २.३ अब्जात मिळाल्या. त्यातली कमावती बाजू कोणती हे सगळ्यांना माहीत आहे. २०२४-२५ मध्ये जेएलआरचा (जॅग्वार लँड रोव्हर या एकत्र कंपनीचा) करपूर्व नफा २.५ अब्ज पौंड होता, दहा वर्षांतला सगळ्यात मोठा. तो रेंज रोव्हर आणि डिफेंडरच्या जिवावर. त्याच जिवावर जॅग्वारला वर्षभर दुकान बंद ठेवून बसायची चैन परवडते.

मिठापासून_विमानापर्यंत:
म्हणजे नफा आहे ना? मग रडताय कशाला? आपल्या माणसांनी काही मोठं केलं की मराठी माणसाच्या पोटात दुखतंच.

जुनाखोंड:
या धाग्यावर माझं आणि चाकोरीबाहेर यांचं एका गोष्टीवर एकमत होईल असं वाटलं नव्हतं, ते तुम्ही घडवून आणलंत. धन्यवाद.

शाईचाडाग:
लोगोवर बोलायला आलोय, पोटापाण्याचा धंदा तोच. नवा लोगो मला साधारणच वाटतो. मोठ्या आणि छोट्या लिपीतली अक्षरं एकाच उंचीची करून मिसळली आहेत, त्यात मधली दोन अक्षरं उगाच छाती काढून उभी राहतात. उडी मारणारा प्राणी काढलेला नाही, आडव्या रेघांमध्ये कोरून ठेवलाय, हे निम्म्या टीकाकारांना माहीतही नाही.

पण 'परंपरा पुसली' हे रडगाणं आवरा. १९२२ मध्ये ही मंडळी ब्लॅकपूलला मोटारसायकलच्या साइडकार बनवत होती. कंपनीचं नाव स्वॉलो, पुढे एसएस कार्स. जॅग्वार हे १९३५ मध्ये एका मॉडेलला दिलेलं नाव. युद्धामुळे एसएस म्हटलं की लोकांना नाझी आठवायचे, म्हणून १९४५ मध्ये कंपनीचंच बारसं पुन्हा केलं. ज्या नावासाठी गळे काढताय ते असं आलंय.

लोगो सगळ्यांनाच कळतो, हा खरा रोग. माझ्या एका गिऱ्हाइकासाठी, नाव सोडा, मी अक्षरांमधलं अंतर केसाकेसाने सरकवत आठवडे घालवले. शेवटी मालकाच्या मेव्हण्याने मोबाइलवर पाच मिनिटांत काहीतरी केलं आणि तेच छापलं. बिलाच्या वेळी मला विचारतात, 'यात तुमचं काय?' म्हणून लोकांनी लोगोवर मत दिलं की माझं टाळकं सरकतं.

जुनाखोंड:
मेव्हण्याचा राग आमच्यावर का? १९४५ मध्ये नाव बदललं आणि १९४८ मध्ये एक्सके १२० आणली. गाडी! लोकांनी नावाला नाही, त्या बॉनेटला माफ केलं. आणि ग्राहकाला काही कळत नाही हा माज तुमच्या व्यवसायात मुरलेलाच आहे. गॅपने २०१० मध्ये लोगो बदलला, आठवड्याभरात मागे घेतला. ट्रॉपिकानाने २००९ मध्ये खोका बदलला, विक्री २० टक्क्यांनी पडली, निमूटपणे जुना खोका परत. तिथेही कुणीतरी अंतर केसाकेसाने सरकवलंच असेल.

शाईचाडाग:
ट्रॉपिकानाचं उदाहरण देण्याआधी ते समजून घ्या. लोकांना फळीवर त्यांचा नेहमीचा खोका सापडेना, म्हणून विक्री पडली. इथे फळीच रिकामी होती, चाकोरीबाहेर ओरडून ओरडून तेच सांगताहेत. पण तुम्हाला वाचायचंच नाहीये, फक्त 'आमच्या वेळी' करायचंय.

जुनाखोंड:
वयावर आलात म्हणजे मुद्दे संपले. चालू द्या.

मिडलँडकर:
मी कॉव्हेंट्रीपासून जवळच राहतो. शेजारी ब्राउन्स लेनमधून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. तो कारखाना, तिथलं गाड्या जोडायचं काम २००५ मध्ये बंद झालं. त्यांच्याकडे अजून एक जुनी एक्सजे आहे. दर रविवारी शॅमॉय चामड्याने आधी नाकावरचा तो प्राणी पुसतात, मग काचा, मग बाकीचं. क्रम कधी चुकत नाही. मी त्यांना ती जाहिरात फोनवर दाखवली, आवाज बंद होता. संपल्यावर म्हणाले, 'छान आहे. पेंटची कंपनी आहे का?' सांगितल्यावर चिडले नाहीत. म्हणाले, आम्ही शेवटची नवी गाडी घेतली त्यालाही जमाना झाला, आमचं कोण ऐकणार. मग एक्स-टाइपवर घसरले. फोर्ड मोंदेओच्या प्लॅटफॉर्मवर जॅग्वारचं नाक बसवलं तेव्हा कुणी संस्कृती बुडाली म्हणून ओरडलं नाही, असं त्यांचं म्हणणं. चहा होईपर्यंत तेच चाललं होतं.

चाकोरीबाहेर:
या एका माणसाला या विषयावर बोलायचा हक्क आहे, आणि तोच सगळ्यात शांत आहे.

गिअरअडकला:
लोगो, गुलाबी, टाटा, सगळं झालं. टाइप ००, डिसेंबर २०२४ मध्ये मायामीत दाखवलेली ती कॉन्सेप्ट गाडी. तिला मागची काच नाही! काच नाही! यावर कुणी अवाक्षर काढत नाही. पोलस्टार ४ ने तर अशी गाडी विकायलाही काढली. मागे पत्रा, आणि आरशाच्या जागी कॅमेऱ्याचा स्क्रीन.

एका कंपनीची (नाव घेत नाही) स्क्रीनवाला आरसा असलेली गाडी काही काळ माझ्याकडे होती. मला प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे, वर लांबचा नंबर, खाली जवळचा. वर नजर टाकली की मागची गाडी म्हणजे एक पांढरा ठिपका. हनुवटी वर केली तर स्क्रीन स्पष्ट, पण समोरचा रस्ता गायब. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, 'सर, ब्राइटनेस वाढवा.' वाढवला. जास्त उजळ ठिपका.

टेस्लापंथी:
लोल. काका, डोळे तपासा. कॅमेऱ्याला मागच्या सीटवरची डोकी आणि सामान आडवं येत नाही, रात्री जास्त दिसतं. बंद पत्र्याच्या व्हॅन जगभर बाजूच्या आरशांवरच चालतात. नव्या गोष्टीला नावं ठेवणं हा तुमच्या पिढीचा राष्ट्रीय खेळ आहे.

तिसराडोळा:
डोळे तपासणं हेच माझं काम, म्हणून सांगते. त्यांचे डोळे वयाच्या मानाने व्यवस्थित असावेत. आरशात मागची गाडी तुमच्यापासून वीस मीटरवर असेल तर डोळ्याला फोकसही साधारण तेवढ्याच अंतरावर करावा लागतो, कारण सपाट आरशातली प्रतिमा आरशाच्या पृष्ठभागावर नसते, पलीकडे असते. स्क्रीनवरचं चित्र स्क्रीनवरच असतं, डोळ्यापासून दोन फुटांवर. पंचविशीत हा बदल कळतही नाही. पन्नाशीत डोळ्यातलं भिंग ताठ झालेलं असतं. त्यात प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा वरचा भाग लांबचं बघण्यासाठी आणि स्क्रीन नेमका वर. त्यामुळे हनुवटी वर करावी लागते. ब्राइटनेसचा काही संबंध नाही.

गिअरअडकला:
हे प्रिंट काढून सर्व्हिस सेंटरला लावणार आहे.

टेस्लापंथी:
ठीक आहे, विज्ञान मान्य. पण अशा बऱ्याच आरशांना एक खटका असतो, तो ओढला की साधा आरसा होतो. कुणी मॅन्युअल वाचत नाही हा कॅमेऱ्याचा दोष का?

गिअरअडकला:
खटका माझ्याही गाडीला होता, तोच ओढून दिवस काढले. पण मागे काच असेल तर साधा आरसा होतो, साहेब. काच नसलेल्या गाडीत खटका ओढून मी काय बघू, मागच्या सीटचं शिवण?

टेस्लापंथी:
शिवण चांगली असते त्या गाड्यांची.

शाईचाडाग:
डिझायनर म्हणून सांगतो, काच काढली की छत मागे लांबवर उतरतं नेता येतं, मागच्या माणसाच्या डोक्याला जागा राहते...

गिअरअडकला:
म्हणजे चित्र सुंदर दिसावं म्हणून मी आंधळा. नेमकं हेच तर त्या जाहिरातीत होतं!

जुनाखोंड:
+१००. पहिल्यांदाच कुणीतरी मुद्द्याचं बोललं.

चाकोरीबाहेर:
मूळ विषय ४९ चा आकडा होता हो. कुणाला त्यावर काही म्हणायचंय?

जुनाखोंड:
आकडा जाहिरातीमुळे नाही, बरं. घ्या. लिहून ठेवा आणि फ्रेम करा. पण मग ट्रम्प ऑगस्ट २०२५ मध्ये 'संपूर्ण सत्यानाश' वगैरे बरळले आणि त्या सीईओला बदनाम होऊन जावं लागलं म्हणाले, तेव्हा कंपनीने इतकं मिळमिळीत का उत्तर दिलं?

चाकोरीबाहेर:
कारण एड्रियन मार्डेल यांची निवृत्ती आधीच जाहीर झाली होती, पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर. त्यांच्या जागी पी. बी. बालाजी येणार हेही जाहीर होतं. याहून तिखट उत्तर काय देणार? 'राष्ट्राध्यक्ष महोदय, कॅलेंडर बघा'?

जुनाखोंड:
दिलं असतं तर मी ती गाडी घेतली असती.

शाईचाडाग:
लाख पौंडांच्या वर किंमत जाणार आहे म्हणे. घ्या ना, कोण अडवतंय.

जुनाखोंड:
तुमच्या मेव्हण्याकडून उधार घेतो. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

शाईचाडाग:
माझा नाही, गिऱ्हाइकाचा मेव्हणा! नीट वाचा!!

मिठापासून_विमानापर्यंत:
पी. बी. बालाजी म्हणजे आपल्या टाटा मोटर्सचेच ना? बघा, मी काय म्हणत होतो.

गिअरअडकला:
तिसराडोळा ताई, एक विचारू? गाडीसाठी वेगळा चष्मा करून घेतला, वरच्या भागात जवळचा नंबर, तर स्क्रीन दिसेल का?

तिसराडोळा:
दिसेल, पण सिग्नल पुसट होतील. नुसत्या गाडीसाठी दूरचा एकच नंबर असलेला चष्मा घ्या आणि साधा आरसा असलेलीच गाडी चालवा.

टेस्लापंथी:
म्हणजे मागची काच हवीच. ठरलं तर. जग थांबवा, काकांना नंबर आहे.