प्रतिसाद: अकॉर्न बार्नाकलमधलं 'अकॉर्न'

वर विचारलंय की समुद्रकाठच्या खडकांना चिकटलेल्या प्राण्यांच्या या खरबरीत पांढऱ्या कवचांना 'अकॉर्न' बार्नाकल का म्हणतात. अकॉर्न म्हणजे ओक झाडाचं फळ, आणि हे कवच तसंच दिसतं. ग्रीकमध्ये ते 'बालानोस', त्यावरून प्रजातीचं नाव बालानस. उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यांवर मुबलक आढळणाऱ्या जातीचं नाव तर सेमिबालानस बालानॉइडीस, म्हणजे 'अर्धं ओकफळ, ओकफळासारखं'! 'बार्नाकल' हे मात्र आधी एका हंसाचं नाव. लाकडाला लोंबणाऱ्या देठवाल्या बार्नाकलमधून हे हंस जन्मतात असं मध्ययुगीन युरोपात मानत, म्हणून पक्ष्याचं नाव या प्राण्याला मिळालं.

एक दुरुस्ती मात्र करतेच. वर एकांनी याला शिंपला म्हटलंय. हा कोळंबी-खेकड्यांचा नातलग आहे. १८३० च्या सुमारास निसर्ग-अभ्यासक जॉन वॉन टॉम्सन यांनी याची पोहणारी पिल्लं पाहिली, तेव्हा ते उलगडलं. डार्विनने पुढे या गटावर आठ वर्षं घालवली.

रत्नागिरीला खडकातल्या डबक्याशी स्तब्ध बसून बघा. वरची झडप उघडते, पिसांसारखे पाय बाहेर येतात, पाण्यातलं अन्न ओढून पुन्हा आत. डोकं खडकाला चिकटवून पायांनी जेवण! मी तासभर उठले नव्हते. चप्पल मात्र घाला, कडा पात्यासारख्या कापतात.