नायट्यावर मेडिकलमधून आणलेली चार औषधांची ट्यूब : आता काय करावे?

पनवेलकर

नमस्कार. माझा धाकटा भाऊ गोदामात काम करतो. दिवसभर जाड पँट आणि घाम, त्यामुळे उन्हाळ्यात त्याच्या जांघेत नायटा उठला. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने दोन दिवसांत खाज थांबली, पण लावणे बंद केले की थोड्याच दिवसांत चट्टा पुन्हा वर येतो, आणि असे करता करता तो आता मांड्यांवर व कमरेपर्यंत पसरला आहे. जांघेत पोटावरच्या ताणखुणांसारख्या जांभळट रेषाही दिसू लागल्या आहेत. ट्यूबवर क्लोबेटासॉल, ऑफ्लॉक्सॅसिन, ऑर्निडॅझोल आणि टर्बिनाफिन अशी नावे आहेत. त्यातच भावजयीने हेच मलम सात महिन्यांच्या बाळाला लंगोटाच्या जागी आलेल्या लालीवर लावायला सुरुवात केली आहे. ही ट्यूब लगेच बंद करावी का, आणि त्यानंतर पुढे काय करावे?

औषधनिर्माता, नाशिक

आधी बाळाचे. ते मलम आजच थांबवा आणि बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. बाळाची त्वचा पातळ असते आणि डायपर किंवा प्लॅस्टिकच्या चड्डीखाली औषध झाकले गेल्यामुळे ते अधिक शोषले जाते, शिवाय क्लोबेटासॉल हे स्टेरॉइड मलमांमधल्या सर्वांत तीव्र गटातले आहे. साध्या लालीला वारंवार लंगोट बदलणे, जागा कोरडी ठेवणे आणि झिंक ऑक्साइडचा थर बहुधा पुरतो. लालीच्या कडेने सुटे लाल ठिपके असतील तर तो कँडिडा नावाच्या बुरशीचा संसर्ग असू शकतो, आणि त्याचे औषध वेगळे असते.

आता भावाचे. नायटा बुरशीमुळे होतो आणि तुम्ही लिहिलेल्या चार नावांत बुरशी मारणारे फक्त टर्बिनाफिन आहे. ऑफ्लॉक्सॅसिन जिवाणूंवर आणि ऑर्निडॅझोल काही जिवाणू व परजीवींवर चालते. नायट्यात या दोघांचे काहीच काम नाही. खाज थांबवली ती क्लोबेटासॉलने. ते दाह दाबते, म्हणजे शरीर बुरशीविरुद्ध जी लढाई देत असते तीच थंडावते. वरून लाली जाते आणि खाली बुरशी निर्धास्त पसरते. आमच्या काउंटरवर लोक ‘लगेच आराम पडणारी ट्यूब’ मागतात आणि काही दुकानदार ती चिठ्ठीशिवाय देतातही. वास्तविक पूर्वी बाह्य वापराच्या औषधांना असलेली सूट २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमांसाठी काढून घेण्यात आली आणि ती शेड्यूल एच या औषधांच्या यादीत आली, त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. ट्यूबचे ठळक नाव सोडून द्या आणि खालची बारीक अक्षरे वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसले की ते स्टेरॉइड समजावे.

त्वचाविभाग, सोलापूर

वरील माहिती बरोबर आहे. त्यात उपचारांच्या बाजूने थोडी भर घालतो. निदान मात्र प्रत्यक्ष तपासणीनेच होईल.

भावाने जुनी ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांना भेटावे. स्टेरॉइडमुळे नायट्याची ओळखीची गोल, उंच कडा पुसली जाते, तेव्हा नुसते पाहून रोग ओळखणे कठीण होते. अशा वेळी चट्ट्याच्या कडेची खवले खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बुरशीचे तंतू दिसतात. ही तपासणी स्वस्त आणि झटपट आहे. स्टेरॉइड बंद केल्यावर सुरुवातीचे काही दिवस लाली आणि खाज वाढते, आणि इथेच बहुतेक रुग्ण घाबरून पुन्हा तीच ट्यूब उचलतात. तसे करू नये. त्या काळात खाज कमी करणाऱ्या गोळ्या डॉक्टर देऊ शकतात. मात्र मोठ्या भागावर अनेक महिने तीव्र स्टेरॉइड लावले असेल आणि आता अशक्तपणा, चक्कर किंवा मळमळ जाणवत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण अधिवृक्क ग्रंथींचे (मूत्रपिंडांवरच्या, शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणाऱ्या ग्रंथींचे) काम मंदावलेले असू शकते.

बुरशीरोधक मलम चट्ट्याच्या मध्यावर थापण्यापेक्षा कडेवर आणि कडेच्या बाहेर सुमारे दोन सेंटिमीटर लावावे, आणि डाग दिसेनासे झाल्यावरही निदान दोन आठवडे चालू ठेवावे. चट्टे मांड्या आणि कंबर व्यापत असतील तर बहुधा पोटातून गोळ्याही लागतात. त्या मात्र कुणाच्या उरलेल्या पाकिटातून घेऊ नयेत. इट्राकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाचा इतर अनेक औषधांशी विरोध असतो आणि यकृत किंवा हृदयाचा विकार असेल तर विचार करावा लागतो. शिवाय टर्बिनाफिनला न जुमानणारी बुरशी भारतात पसरलेली आहे. २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी असे स्वतंत्र नाव मिळाले. म्हणून गोळीचा गुण येत नसेल तर मात्रा स्वतः वाढवण्यापेक्षा डॉक्टरांना पुन्हा दाखवावे. जांघेतल्या रेषांची लाली कालांतराने फिकी होते, पण रेषा पूर्णपणे जात नाहीत.

मडगावची आई

या चर्चेवरून ‘स्टेरॉइड म्हणजे विष’ असा अर्थ कुणी काढू नये, म्हणून लिहिते. माझ्या मुलीला लहानपणापासून एक्झिमा (इसब) आहे. नातेवाइकांच्या भीतीपोटी मलम अर्धवट सोडले की तिची कातडी रक्त येईपर्यंत खाजवली जाते आणि मग जिवाणूंचा संसर्ग होतो. डॉक्टरांनी ठरवलेले सौम्य स्टेरॉइड, ठरवलेल्या जागी, ठरवलेले दिवस, आणि रोज भरपूर मॉइश्चरायझर, एवढ्यावर ती नीट शाळेत जाते. किती लावायचे हे आम्हाला असे शिकवले : मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर पिळलेली मलमाची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ती मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या भागाला पुरते. चेहरा, पापण्या आणि जांघा इथे मात्र डॉक्टरांनी वेगळे सांगितल्याशिवाय आम्ही काहीही लावत नाही. गोरे होण्यासाठी मोमेटासोनची क्रीम चेहऱ्यावर चोळणाऱ्या मुली पाहिल्या की वाईट वाटते. ती सोडली की चेहरा लाल होऊन जळजळतो आणि पुन्हा तीच क्रीम लावावीशी वाटते.

पनवेलकर

सर्वांचे आभार. बाळाचे मलम थांबवले असून उद्या डॉक्टरांकडे नेत आहोत. भावाचा आणखी एक प्रश्न आहे : आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक द्रव घालावा का, आणि घरातल्या इतरांनी काय काळजी घ्यावी?

त्वचाविभाग, सोलापूर

जंतुनाशक द्रव घालू नये, त्याने आधीच दुखावलेली त्वचा आणखी चुरचुरते. लसूण, चुना आणि नायट्यावरची जहाल सॅलिसिलिक ॲसिडची लोशनेही टाळावीत. जांघेत त्यांनी भाजल्यासारख्या जखमा झालेले रुग्ण आम्ही नेहमी पाहतो. टॉवेल, चादर आणि अंतर्वस्त्रे कुणाशी वाटून घेऊ नयेत, भावाचे कपडे वेगळे गरम पाण्यात धुवावेत, उलटे करून उन्हात वाळवावेत आणि जमल्यास इस्त्री करावी. घरात आणखी कुणाला चट्टे असतील तर त्यांच्यावरही एकाच वेळी उपचार व्हावेत, नाहीतर नायटा एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहील. भावाच्या पायांच्या बोटांमधली कातडीही पाहा. तिथे बुरशी असेल तर त्याने आधी मोजे घालावेत आणि मगच अंतर्वस्त्र चढवावे, म्हणजे पायाची बुरशी कापडाबरोबर जांघेपर्यंत जात नाही.